पटाच्या घड्याळाचं बटन

बटन दाबणं म्हणजे काहीच काम नाही असं लोक समजतात. दाबणाऱ्याला तसं वाटणारच. पण बटनाच्या दुसऱ्या बाजूला बसून, माणूस दाबतो म्हणजे नेमकं काय करतो हे ज्यानं पाहिलं आहे, तो असं बोलणार नाही. मी पाहिलं आहे. सातवीत शाळा सोडली, पवनीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि त्याच दुकानात बसून मी आमच्या भागातल्या शंकरपटासाठी विजेवर चालणारं घड्याळ बनवलं. त्याआधी इकडं कोणी बनवल्याचं मी ऐकलं नाही. कोणी ऐकलं असेल तर येऊन सांगावं, मी चहा पाजीन.

बायको जाऊन दोन वर्षं होत आली. दोन माणसांचा भात टाकायची सवय अजून मोडत नाही, उरलेला सकाळी कोंबड्यांना घालतो. लोक म्हणतात, बाबा, मन कशात तरी गुंतवा. मी काय लहान लेकरू आहे? तिची आठवण येते, ती आलीच पाहिजे. आणि घड्याळाची गोष्ट तिला सोडून सांगताच येत नाही, कारण ते काम माझ्या गळ्यात तिनंच घातलं.

तिचं माहेर लाखांदूरकडचं. धान निघून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झाल्या की तिकडं पट भरतो. ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हलक्या छकड्याला बैलजोडी जुंपतात, हाकणारा धुरकरी वर बसतो, जोडी एका रेषेवरून सुटते आणि दुसऱ्या रेषेवर जाते. ज्या जोडीला कमी वेळ लागला ती जिंकली. म्हणजे बैलांवर जेवढा भरवसा, तेवढाच घड्याळावर पाहिजे. त्या गावच्या पटाचं घड्याळ माझ्या सासऱ्याच्या हातात असायचं. मुठीत मावणारं, वर टिकली असलेलं. सुटणीच्या रेषेवर झेंडी पडली की हे पोहोचणीच्या रेषेवरून अंगठा दाबायचे. तरणे होते तोवर कोणी तोंड उघडलं नाही. मग डोळ्यांत फूल पडलं. झेंडी दिसेना. तरी म्हातारा घड्याळ सोडेना. एका साली दोन जोड्यांच्या वेळेवरून अशी जुंपली की लोकांनी छकड्यांच्या काठ्या काढल्या. एकाचं डोकं फुटलं.

त्यानंतर सासऱ्यांच्या ओसरीवर बैठक बसली, मीही होतो. पट भरवणारे गावचे पाटील होते. पाटलांनी एवढंच सांगितलं, "येत्या साली वेळेवरून भांडन झालं तं पट कायमचा बंद. मंग माझ्या पाया पडाले येऊ नोका."

 सासऱ्यांसाठी पट म्हणजे काय होता ते मला ठाऊक होतं. वर्षभर ते जे काही करत, ते पटाच्या आधी नाही तर पटाच्या नंतर. साळ्याची जोडी तर पटासाठीच वाढवलेली. वासरं होती तेव्हापासून माझ्या बायकोनं आणि तिच्या भावानं मिळून त्यांना चारलं होतं, लग्न होऊन ती पवनीला आली तरी त्या बैलांची खबर आधी विचारायची, आईची मागून.

बायका आत बसून ऐकत होत्या. आतून माझी बायको बोलली, "बाबा, तुमचे जवाई मेलेला रेडिओ बोलता करतेत. एक घड्याळ बनवनं त्याह्यले जड हाय का?"

सगळी ओसरी माझ्याकडं फिरली. मी हो म्हटलं. सासुरवाडीच्या ओसरीवर नाही म्हणणारा जवाई मी तरी पाहिला नाही.

येताना एसटीत मी विचारलं, "काहून बोलली वो तू?"

"मंग कोन बोलन? बाबाले दिसत नाही. भावाले बैलाशिवाय समजत नाही."

"अन् मले?"

"तुम्हाले बोलता येत नाही. बनवता येते."

बोलता येत नाही, ते खरंच होतं. बनवता येतं की नाही, ते तिला कसं ठाऊक, हे तेव्हा मलाही समजलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरला तंत्रशाळेत शिकवणारे एक सर होते, त्यांचा रेडिओ मी एकदा दुरुस्त करून दिला होता. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मला एक चिप दाखवली. वर काचेची बारीक खिडकी. म्हणाले, "ह्या एकाच चिपमध्ये मेंदू आहे, आठवण आहे आणि वेळ मोजायची सोयही आहे. काय करायचं ते आपण हिला आकड्यांत सांगायचं. चुकलं, तर निळ्या दिव्याखाली ठेवायची. खिडकीतून उजेड जातो अन् जुनं सगळं पुसतं." मी विचारलं, आकड्यांत म्हणजे? तर शून्यापासून नऊपर्यंत, आणि पुढं ए पासून एफ पर्यंत. मला इंग्रजी तेवढीच पक्की येत होती. त्या यंत्रालाही तेवढीच लागत होती. आमचं जमलं.

सर आज्ञा लिहायचे, मी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर एकेक आकडा ठोकायचो. मी मराठीत सांगायचो, बटन दाबलं की वेळ सुरू, पुन्हा दाबलं की वेळ बंद. सर त्याचं त्या चिपच्या भाषेत करायचे. सुटणीच्या रेषेवर एक बटन, पोहोचणीच्या रेषेवर एक बटन, दोन्हींची तार एकच. पहिल्यांदा कोण दाबतो, दुसऱ्यांदा कोण, ह्याच्याशी घड्याळाच्या डब्ब्याला देणंघेणं नाही. मला वाटलं, ह्यात चुकायला जागाच नाही.

डब्बा घरी आणला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला. लाल आकडे लागले. बायकोला म्हटलं, दाब. तिनं दाबलं. आकडे हलले आणि तिथंच गोठले. चालायला लागून लगेच थांबले.

"दोनदा काहून दाबलं?"

"एकदाच दाबलं."

"दोनदा दाबलं तू."

"अजी, माझं बोट हाय. मले ठाऊक नाही का?"

पुन्हा दाबलं. कधी चालायचं, कधी थांबायचं, कधी चालून थांबून पुन्हा चालायचं. त्या दिवशी आमच्या घरात त्या बटनावरून जेवढं भांडण झालं तेवढं पटात झालं असतं तर पाटलांनी तिथंच पट बंद केला असता. शेवटी तिनं बटन माझ्यापुढं सरकवलं, "घ्या, तुम्हीच दाबा एकदा. एकदाच हं!" मी दाबलं. तसंच झालं. तिनं कणीक मळायला घेतली. 

नागपूरला पुन्हा गेलो. सर हसले. म्हणाले, "बोट एकदाच दाबतं हो. पण आतली पितळी पट्टी खाली आपटते, उडते, पुन्हा आपटते. आपल्याला दिसत नाही. चिपला दिसतं. ती इतक्या लवकर लवकर विचारते, दाबलं काय, दाबलं काय, की तिला प्रत्येक उडी वेगळी दाबणी वाटते." मग बाईचं बोट खरं होतं. घरी जाऊन मला ते कबूल करावं लागलं, आणि तिनं ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

त्यावरचा उपाय मला अजून आवडतो. पट्टी पहिल्यांदा टेकली की चिपनं ती वेळ लगेच टिपून ठेवायची, पण मानायची नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा पाहायचं. बटन अजून दाबलेलंच असेल तर टिपलेली वेळ खरी. नसेल तर खोडून टाकायची. असं केलं म्हणजे उशीरही होत नाही आणि फसगतही होत नाही. वेळ पहिल्या टेकण्याचीच लागते, खात्री मागून होते. हे मी त्यानंतर माणसांच्या बाबतीतही करून पाहिलं. तिथं चालत नाही.

पटाच्या थोडं आधी आम्ही दोघं डब्बा घेऊन तिच्या माहेरी गेलो. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मोकळ्या बांध्यांतून तार टाकली. सुटणीच्या बटनावर सासरे बसणार होते. तिथं जवळून पाहायचं होतं, बैल रेषेवर आले की समोरच दिसतात, तेवढं त्यांना दिसत होतं. पोहोचणीच्या बटनावर पाटील. साळ्यानं जोडी आणली. सगळं गाव बांधावर बसलं.

सासरे बटनापुढं मांडी घालून बसले. धोतराला हात पुसला. बटनाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. डब्ब्यावर वेळ सुरू. बैल अजून रेषेच्या मागं शेपट्या हलवत उभे.

मी धावत गेलो. "मामाजी, याच्या पाया पडू नोका."

"बरं बरं."

आकडे पुन्हा शून्यावर आणले. ते बसले. हात पुसला. बटनाला लावला, कपाळाला लावला. वेळ सुरू.

"मामाजी!"

"आता नाही पडलो जवाईबापू."

"पडले! आता पडले तुम्ही!"

त्यांना खरंच समजलं नव्हतं. हात आपल्या आपण गेला होता. म्हणाले, "नांगराले हात लावतो तरी पाया पडतो. वजनकाट्याच्या पाया पडतो. हा तं न्याय करनार हाय." पलीकडं पाटलांनाही तेच. त्यांनी तर वर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि एक दाणा बटनाच्या फटीत जाऊन बसला. बटन दाबलं ते वरच येईना. बांधावरचे पोट्टे खिदळायला लागले. एकजण ओरडला, "जवायाचा डब्बा बैलाआधी पळाला!" साळा छकड्यावर बसून कपाळाला हात लावून राहिला.

मी तापलो. पाटलांना म्हटलं, बटनावर तरणी माणसं बसवा, त्यांना मी शिकवतो. तरणं एक पोरगं बसवलं. त्यानंही बसता बसता बटनाला हात लावून छातीला लावला. मग मात्र मी तार काढायला लागलो. म्हटलं, ह्या गावात न्याय होत नाही, पूजा होते.

बायको जवळ आली. डोक्यावरचा पदर सारखा करून हळू आवाजात म्हणाली, "कायले ओरडून राहिले? मानूस पाया पडनच. माझ्या बापाचा हात तुमच्यानं बदलनार नाही. तुमचा डब्बा बदला. त्याले समजवा, कोनतं दाबनं खरं अन् कोनतं पाया पडनं."

मला आधी राग आला. मग वाटलं, ही बाई बरोबर बोलून राहिली. बटनाला काय समजतं? दाबलं, सोडलं, एवढंच. पण केव्हा दाबलं, किती वेळ धरलं, त्याच्या आधी काय झालं, हे चिपला विचारता येतं. मी विचारलंच नव्हतं.

सरांकडं पुन्हा गेलो आणि सगळं सांगितलं. ते खुर्चीवर मागं रेलून हसले, "बटन उडतं हे मला ठाऊक होतं. नमस्कार करतं हे नव्हतं!" आम्ही सबंध दिवस बसलो. दोन्ही बटनांच्या तारा वेगळ्या केल्या. ठरलं असं. आधी पोहोचणीवरच्या माणसानं आपलं बटन दाबायचं, म्हणजे मी तयार. तेव्हा सुटणीवर दिवा लागतो. दिवा लागायच्या आधी सुटणीच्या बटनाला कोणी हात लावो, डोकं टेको, डब्बा बहिरा. दिवा लागला की बटन दाबून धरायचं आणि बैल रेषेवर आले की हात उचलायचा. वेळ दाबण्यानं सुरू होत नाही, उचलण्यानं होते. आणि जरा वेळ दाबून धरलं नसेल तर उचलणं धरायचं नाही, कारण नमस्काराचा हात पटकन उठतो. एकदा वेळ सुरू झाली की सुटणीचं बटन पुन्हा बहिरं, पोहोचणीचं जागं. निळ्या दिव्याखाली चिप पुसली, नवीन आकडे ठोकले. फटीवर रबराचा तुकडा लावला, अक्षतेसाठी.

पटाच्या दिवशी माणूस मावेना. आवळ्या-बोरांची दुकानं, भज्यांच्या कढया, लाखांदूरच्या एसटीतून लोक टपावर बसून आलेले. जोड्या सुटायला लागल्या. सासऱ्यांनी प्रत्येक जोडीच्या आधी बटनाच्या पाया पडून घेतलं, आणि डब्ब्यानं त्यांचा एकही नमस्कार मोजला नाही. मी लांबून पाहत होतो. मनात म्हटलं, पडा मामाजी, पोटभर पडा.

एक अडचण मात्र मी धरली नव्हती. उन्हात लाल आकडे दिसेनात. डब्ब्यावर छत्रीचं काळं कापड टाकून आत डोकं घालायचं, मगच वाचता येत होतं. पाटलांनी डोकं घातलं, चष्म्यावर वाफ धरली, बाहेर आले. दुसऱ्यानं घातलं, त्याला पुढचा आकडा आणि मागचा आकडा कोणता ते समजेना. शेवटी माझी बायको बसली, कारण घरी तिनं ते आकडे माझ्यापेक्षा जास्त पाहिले होते. ती कापडाखालून आकडा ओरडायची आणि पाटील तो लोकांना सांगायचे.

नदीपलीकडच्या एका जोडीची वेळ सगळ्यांत कमी लागली. मग साळ्याची जोडी रेषेवर आली. तेव्हा त्या नदीपलीकडच्या जोडीचा मालक, मोठ्या मिशांचा माणूस, पुढं आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "वा! घड्याळ जवायाचं, वाचनारी बहीन, धावनारा भाऊ. आमी कायले आलो? जेवाले?"

लोक हसले. पण ते हसणं चांगलं नव्हतं. त्याच्या गावचे लोक उठून उभे झाले. पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. मी कापडाजवळ जाऊन म्हटलं, "तू ऊठ. दुसरं कोनी बसन."

ती आतूनच बोलली, "ज्याले वाचता येते त्यानं बसावं. नाही तं बाजूले व्हावं."

कोणी बसलं नाही. मिशीवाला म्हणाला, "होऊ द्या. पाहू."

दिवा लागला. सासऱ्यांचा हात खाली गेला, थांबला, बैल रेषेवर आले आणि हात वर झाला. जोडी अशी आली की बांधावरच्या बायकांनी लेकरं उचलून घेतली. पाटलांनी बटन दाबलं. धूळ उडाली. सगळे काळ्या कापडाकडं पाहायला लागले.

कापडाखालून आवाज येईना.

 मला वाटलं, तार तुटली, नाही तर चिप बसली. पट बंद झाला, तो माझ्यामुळं झाला. मी वाकलो आणि विचारलं, "काय झालं?"

तेव्हा ती बोलली. एकेक आकडा सुटा करून, मोठ्यानं. नदीपलीकडच्या जोडीपेक्षा जास्त. जास्त म्हणजे शेवटच्या आकड्यात, केसाएवढा, पण जास्त.

साळ्यानं छकड्यावरून उडी मारली. "डब्बा बिघडला! बाई, पुन्हा वाच!"

तिनं पुन्हा वाचलं. तोच आकडा, त्याच आवाजात.

तिच्या माहेरचे लोक पुढं सरकले. काहींच्या हातात काठ्या होत्या, मी पाहिल्या. तेवढ्यात तो मिशीवाला दोन्ही हात वर करून मधात आला. "थांबा बे! सख्खी बहीन भावाले हरवून राहिली. मंग डब्बा खराच हाय." आणि मग त्याच्या स्वतःच्याच लोकांवर ओरडला, "बसा खाली! आता वेळेवरून कोनी बोललं तं माझ्याशी गाठ हाय."

सासरे पलीकडच्या रेषेवरून चालत आले होते.  खाली बसले आणि बैलांच्या पायांची धूळ आपल्या शेल्यानं पुसायला लागले. मग पाटलांनी निकाल सांगितला, आणि उरलेल्या जोड्या सुटल्या. भज्यांच्या कढईवर भांडण झालं असेल, पण वेळेवरून झालं नाही.

संध्याकाळी साळा जेवायला येईना. गोठ्यात बैलांजवळ बसून राहिला. बायको ताट घेऊन गेली, मी पाण्याचा गडवा घेऊन तिच्यामागं. तो तिच्याकडं न पाहता म्हणाला, "बाई, शेवटचा आकडा तुलेच दिसत होता. जरासा कमी वाचला असता तं कोनाले समजलं असतं?"

"नाही."

"मंग?"

"मी दोन खेप पाहिलं," ती म्हणाली. "तू विचारते म्हनून सांगतो. कापडाखाली डोळे पुसून पुन्हा पाहिलं, एखादा आकडा कमी दिसन म्हनून. नाही दिसला. जेव आता."

"अन् कमी वाचला असता तं?"

"पुढच्या साली पट झाला नसता. अन् तू म्हनला असता, बाईनं लबाडीनं जितवलं, माह्या बैलात दम नव्हता. जेव म्हनलं ना!"

तो जेवला. आधी तोंड पाडून जेवला, मग दुसऱ्यांदा भात मागितला.

तेव्हा मला कापडाखालचा तो उशीर समजला. चिप बसली नव्हती, तार तुटली नव्हती. पहिल्यांदा टिपायचं आणि पुन्हा पाहून मगच मानायचं, हे मी यंत्राला शिकवलं होतं. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या साली धान निघायच्या आधीच पाटलांनी पवनीला माणूस पाठवला. दुकानात उभा राहूनच त्यानं निरोप सांगितला, "पटाले बाईले पाठवा म्हनते पाटील. नदीपलीकडचे म्हनतेत, वाचाले तेच पाहिजे, नाही तं आमी जोडी आनत नाही."

"अन् घड्याळ?" मी विचारलं.

तो जरा विचारात पडला. म्हणाला, "तेबी आना लागन ना. बाई वाचन कायचं मंग?"

आत बायको हसत होती, मला ऐकू आलं. ती असेपर्यंत त्या पटाची वेळ दुसऱ्या कोणी वाचली नाही.